सत्तरच्या पुढचा आवाज

मुसल्लम म्हणतो, आवाज कानाला येत नाही,
बुडाला येतो.
सत्तरच्या पुढे सीट सांगते, नव्वदला दात.
मागे बकऱ्या असल्या की त्यांनाही कळतं,
सगळ्या एका कडेला सरकून गप्प होतात.

गाडी शास. एकोणनव्वद सालची पिकअप,
रंग मूळचा बदामी, आता उरेल तसा.
महूतकडून वाळू-डांबर तुडवत
गुरुवारच्या बाजाराला सिनावला येते
आणि बाजार उठला की माझ्या शटरपुढे.

चौघांनी हात लावलाय म्हणे.
एकाने टायर बदलले,
एकाने हबचे बेअरिंग,
तिसऱ्याने गिअरबॉक्सखालची रबरं,
चौथ्याने नुसतेच पाच रियाल घेतले.
चोर मोकळा, संन्याशांची रांग सुळावर.

मी आधी फारसं खोलत नाही.
डिफरन्शियलचा बूच काढून बोट घालतो:
तेल काळं, पण चमक नाही, चुरा नाही.
म्हणजे दातांचं भांडण नाही.
शफीकुलला शेजारी बसवून जुन्या रस्त्याला लागतो.
सत्तर. येतो.
क्लच दाबून न्यूट्रल. तरी येतो.
इंजिन सुटलं, बिचारं.

परत आणून मागचा शाफ्ट उतरवतो, आठ बोल्ट,
पुढचे हब लॉक, फोर-हायला टाकून
नुसत्या पुढच्या चाकांवर निघतो.
नातवाने बोट धरून न्यावं तशी गाडी येते मागून.
सत्तर. ऐंशी. नव्वद.
काही नाही.
शफीकुल हसतो. मी नाही हसत.
चोराचं घर सापडलंय, चोर नाही.

बाकावर शाफ्ट घेऊन क्रॉस फिरवतो.
गाडीवर असताना शहाण्यासारखा घट्ट होता,
सुटा झाला तसा एका जागी अडतो,
घास गिळताना काटा लागावा तसा.
टोपी उपसली तर आत लाल भुकटी,
सुया झिजून मांदेलीच्या काट्यांएवढ्या.

नवा क्रॉस फळीवर आहे. अर्ध्या तासाचं काम.
इथे थांबता आलं असतं.

पण मुसल्लम महिन्याच्या महिन्याला ग्रीस भरतो,
उंटाला पाणी दाखवावं तसं, न चुकता.
मग हा मेला कसा?

शाफ्ट डोळ्याला लावून लांबवर बघतो.
दोन्ही टोकांच्या बेचक्या एका रेषेत लागतात,
एकीची उचकी दुसरीने गिळायची असते.
इथे एक उभी, एक आडवी.
नळीवर पिवळी खूण, सरकत्या तोंडावर पिवळी खूण,
दोन्ही एकमेकींसमोर, अगदी नेमक्या.
चुकीच्या जागी नेमक्या.

सिनावात सगळे खडूने खूण करतात, नाहीतर छिन्नीने.
पिवळा ऑइलपेंट, करंगळीच्या नखाएवढा,
तो मी करतो.

तीन वर्षांपूर्वी, रमजानात, सील बदललं होतं.
बांग व्हायला दहा मिनिटं होती, खजूर टेबलावर.
खूण आधी करायची, मग खोलायचं.
मी जोडल्यावर केली.
चौघं नव्हते. पाच होते,
आणि पहिला मी.

मुसल्लम बाहेर सावलीत बसलाय, काठी आडवी मांडीवर.
माझं अरबी सव्वीस वर्षांत गॅरेजच्या बाहेर गेलं नाही.
म्हटलं, हादा गलत, माल अना.
त्याने माझ्याकडे बघितलं, मग बोटाकडे,
आणि विचारलं,
अंधाराआधी महूत होईल?

होईल म्हटलं.
पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत,
त्याने ते शफीकुलच्या खिशात कोंबले
आणि न विकलेल्या तीन बकऱ्या चढवल्या.

आवाज गेला की नाही, मला कळायचा नाही,
उजवा कान केव्हाच कामातून गेलाय.
रस्त्यावर येऊन बघत राहिलो.
पेट्रोल पंपापुढे त्याने गिअर बदलला, धुरळा उडाला,
सत्तर असेल, जास्तच असेल.
मागे बकऱ्या तीन दिशांना तोंडं करून उभ्या होत्या
आणि तिघीही ओरडत होत्या.